लेसरने चष्म्याचा नंबर काढल्यानंतर पारपटलाच्या स्वच्छतेवर वर्षभर लक्ष कसे ठेवावे

लेसर करून चष्मा गेलेल्या माणसाच्या घरात दीड-दोन महिन्यांनी एक दिवस असा येतो, की सकाळी उठल्यावर समोरचे सगळे किंचित धुरकट वाटते आणि आजी विचारते, "डोळ्यात फूल तर पडले नाही ना?" सोलापुरात रुग्णांचे डोळे तपासताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की उत्तर सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. आजीच्या मनातले फूल म्हणजे जखमेनंतर किंवा जंतुसंसर्गानंतर बुबुळावर उरलेला पांढरा डाग, जो समोरच्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लेसरनंतर येणारा धुरकटपणा, ज्याला डॉक्टर 'हेज' म्हणतात, तो बहुतेक वेळा आरशातही दिसत नाही, स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या, बारीक प्रकाशरेषेतच सापडतो, आणि बऱ्याच जणांमध्ये आपोआप विरतो. मात्र तो कधी विरतो आणि कधी वाढतो हे पुष्कळ अंशी पहिल्या वर्षात घेतलेल्या काळजीवर अवलंबून असते. काळजी कशी घ्यावी हे कळण्यासाठी आधी पारपटल पारदर्शक का असते, हे समजून घ्यावे लागते.

पारपटल, म्हणजे कॉर्निया, हा डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या जाडीचा बहुतेक भाग कोलॅजेनच्या अतिशय बारीक तंतूंचा असून ते थरांवर थर असे रचलेले असतात; एका थरातले तंतू एका दिशेला, त्याखालच्या थरातले दुसऱ्या दिशेला, आणि दोन तंतूंमधले अंतर इतके सारखे व इतके कमी, की प्रकाश न विखुरता आरपार जातो. सर्वांत आतला पेशींचा थर पाणी सतत बाहेर टाकत राहतो, म्हणून ही रचना फुगत नाही. चादरींच्या गावात राहणाऱ्यांना हे सहज समजेल: माग नीट चालला की वीण एकसारखी येते, पण फाटलेल्या जागी रफू केले की ती जागा कितीही सफाईने भरली तरी उजेडात धरल्यावर वेगळी दिसते. लेसरने पारपटलाचा काही भाग काढल्यावर शरीर ती जागा भरू लागते. या भरणीसाठी पारपटलातल्या काही पेशींचे रूप बदलते, त्या स्वतः कमी पारदर्शक होतात आणि नवे तंतू काहीसे विस्कळीत विणतात. हाच हेज. कालांतराने त्या पेशी नाहीशा होतात, तंतूंची पुन्हा मांडणी होते आणि पारदर्शकता परत येते.

आपली शस्त्रक्रिया कोणती होती?

हा प्रश्न साधा वाटेल, पण माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे उत्तर देता येत नाही. "लेसर केले" एवढेच ते सांगतात. कागद उघडून शस्त्रक्रियेचे नाव वाचावे, कारण धुरकटपणाचे कारण, वेळ आणि उपाय तिन्ही त्यावर ठरतात.

पीआरकेमध्ये पारपटलाचा वरचा नाजूक थर काढून त्याखाली १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर दिला जातो. (हा लेसर सजीव ऊती आजूबाजूला न भाजता काटेकोर कापतो, हे १९८१ मध्ये ज्यांनी दाखवले त्यांच्यात चेन्नईहून अमेरिकेला गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते, मला या गोष्टीचा अभिमान वाटतो म्हणून ती येथे नोंदवली.) वरचा थर तीन ते पाच दिवसांत पुन्हा भरून येतो. खरा हेज प्रामुख्याने याच पद्धतीत येतो. चष्म्याचा नंबर जितका मोठा तितकी भरणी जास्त, म्हणून साधारण उणे ६च्या पुढे धोका वाढतो आणि अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळीच मायटोमायसिन हे औषध काही सेकंद ते दोन मिनिटे लावण्याची पद्धत आहे.

लॅसिकमध्ये पारपटलाची पातळ झडप उचलून, आत लेसर देऊन ती पुन्हा बसवली जाते. वरचा थर बहुतांश शाबूत राहतो, म्हणून हेज क्वचित येतो. पण झडपेच्या खालच्या फटीत सूज येणे, झडपेला सुरकुती पडणे, वरच्या थराच्या पेशी फटीत शिरणे हे धुरकटपणाचे वेगळे मार्ग तिथे असतात. स्माईलमध्ये झडप नसते. आतला भिंगासारखा तुकडा एका लहान चिरेतून ओढून काढतात. पहिले काही दिवस लॅसिकपेक्षा किंचित मंद दिसते, मग हळूहळू उजळते.

कोणत्या आठवड्यात काय अपेक्षित आहे

लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसते, आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळण्याची चूक होते. पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने त्याच दिवशी घरी परतण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि एक रात्र तिथेच राहावे. झडपेखालची सूज पहिल्या काही दिवसांतच सुरू होते, सुरुवातीला ती दुखत नाही, दिसण्यातही फारसा फरक करत नाही, परंतु स्लिट लॅम्पमध्ये वाळूचे कण पसरल्यासारखी स्पष्ट ओळखू येते. वेळेवर ओळखली तर थेंबांनी आटोक्यात येते. वाढली तर झडप उचलून आतला भाग धुवावा लागतो, आणि त्याहून उशीर झाला तर व्रण राहू शकतो.

पीआरकेचे वेळापत्रक संथ असते. पहिल्या आठवड्यात दुखते, पाणी येते, अंधुक दिसते. वरचा थर चारही बाजूंनी वाढत मध्यभागी जिथे जुळतो तिथे बारीक वरंबा तयार होतो, म्हणून अक्षरांना सावली दिसते. ती काही आठवड्यांत जाते. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्लिट लॅम्पमध्ये पिठाचे बोट काचेवर फिरवल्यासारखा अत्यंत हलका थर दिसू शकतो. रुग्णाला तो बहुधा जाणवतही नाही आणि सहा ते बारा महिन्यांत विरतो. त्याची श्रेणी शून्य ते चार अशी नोंदवतात. तपासणीच्या कागदावर ती लिहून मागावी, कारण "थोडा हेज आहे" या शब्दांची पुढच्या तपासणीशी तुलना करता येत नाही.

खरे लक्ष ठेवायचे ते उशिरा येणाऱ्या हेजवर. सगळे उत्तम चालले असताना, चौथ्या महिन्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत कधीही, नजर पुन्हा मंद होऊ लागते आणि त्याबरोबर बहुधा थोडा उणे नंबरही परत येतो. मोठा नंबर, औषध मध्येच सोडणे आणि तीव्र ऊन या तीन गोष्टींशी त्याचा संबंध असतो.

घरी करावयाची तपासणी

भिंतीवरचे मराठी कॅलेंडर यासाठी उत्तम साधन आहे, कारण त्यावर तारखेचा मोठा आकडा, तिथीची लहान अक्षरे आणि त्याहून बारीक मजकूर अशा तीन आकारांची अक्षरे एकत्र असतात. फरशीवर खडूने एक खूण करावी आणि दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच खुणेवर उभे राहून आधी डावा डोळा तळहाताने न दाबता झाकावा व उजव्याने कुठवर वाचता येते ते पाहावे, मग उलट करावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली तपासणी निरुपयोगी असते; चांगला डोळा मंद डोळ्याला झाकून घेतो आणि महिनाभर काहीच कळत नाही. मधल्या दिवसांत दिवसातून दहा वेळा तपासत बसू नये. त्याने चिंता वाढते, माहिती मिळत नाही.

वाचता येत नाही असे आढळले की लगेच तीन गोष्टी कराव्यात. प्रथम पाच-सहा वेळा सावकाश पापण्या मिटाव्यात. त्याने क्षणभर स्वच्छ दिसले आणि पुन्हा धुरकट झाले, तर दोष बहुधा अश्रूंच्या थराचा, म्हणजे कोरडेपणाचा आहे. लेसरनंतर पहिले तीन ते सहा महिने हा अगदी सामान्य असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळी हवेत, पंख्याखाली किंवा कुलरसमोर तो वाढतो. दुसरे, जाड कागदाला टाचणीने सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून पाहावे. अक्षर बरेच स्पष्ट झाले, तर थोडा नंबर परत आलेला असण्याची शक्यता अधिक. तिसरे, पापण्या मिटून फरक नाही, छिद्रातूनही फारसा नाही, आणि काळी अक्षरे राखाडी, पांढरा कागद मळकट, अशी सगळ्या चित्रावरच फिकट साय आल्यासारखी वाटते, तर हेजची शंका धरून दोन-तीन दिवसांत तपासणी करून घ्यावी. हेज आणि नंबर बरोबरीने येऊ शकतात, म्हणून या चाचणीवरून स्वतःच निदान करू नये. तिचा उपयोग डॉक्टरांना नेमके काय सांगायचे ते ठरवण्यापुरता आहे.

रात्रीची एक नोंदही ठेवावी. गच्चीवरून दिसणारा रस्त्यावरचा एकच दिवा निवडून त्याच्याभोवती वलय किती मोठे दिसते हे आठवड्यातून एकदा वहीत गोल काढून दाखवावे. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या वहीत दिव्याच्या ठिपक्याभोवती काढलेले असे अठरा गोल होते, पहिले चार मोठे, पुढचे लहान होत गेलेले, आणि पंधराव्यापासून पुन्हा मोठे; त्या गोलांनी सर्जनला जे सांगितले ते शब्दांत सांगणे त्याला जमले नसते.

हा मुलगा भरतीची तयारी करत होता. डिसेंबरमध्ये त्याने पीआरके करून घेतले, नंबर उणे साडेसहा होता, आणि पाचव्या आठवड्यात छान दिसू लागल्यावर त्याने थेंब बंद केले, कारण "बरे झाल्यावर औषध कशाला" असे त्याला वाटले. मार्चपासून तो सकाळी सात ते अकरा मैदानावर धावत होता, डोक्यावर टोपी नाही, डोळ्यांवर काही नाही. एप्रिलच्या मध्यात गोल मोठे झाले. मी स्लिट लॅम्पचा प्रकाश तिरका टाकला, तेव्हा बाहुलीच्या समोर, पारपटलाच्या वरच्या थराखालीच, जाळीदार राखाडी छटा दिसली. तिच्यामागची बाहुलीची कड ओळखता येत होती, पण नेहमीसारखी तीक्ष्ण नव्हती. सर्जनने थेंब पुन्हा सुरू केले, ठरावीक अंतराने डोळ्याचे प्रेशर मोजले, आणि दिवाळीपर्यंत त्याची नजर बरीचशी परत आली. हे सारे टाळता आले असते, याचे मला अजून वाईट वाटते.

थेंबांचा शिस्तबद्ध वापर

पीआरकेनंतर स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे ते काही महिने, हळूहळू कमी करत दिले जातात. ते दोन्ही बाजूंनी धारेचे आहेत. लवकर थांबवले तर हेजला वाव मिळतो. स्वतःच्या मनाने लांबवले तर डोळ्याचे प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि दीर्घ वापराने मोतीबिंदूही. म्हणून चिठ्ठीवर लिहिलेले वेळापत्रक कॅलेंडरवर उतरवून घ्यावे, आणि धुरकट दिसले म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच थेंब पुन्हा आणू नयेत. लॅसिकनंतर एक विशेष धोका असतो: स्टिरॉइडमुळे प्रेशर वाढले की झडपेखाली पाणी साचून धुरकटपणा येतो, तो सूज समजून थेंब वाढवले तर प्रेशर आणखी वाढते. शिवाय लेसरनंतर पारपटल पातळ झाल्यामुळे यंत्रावर प्रेशर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. गावातल्या कोणत्याही डॉक्टरकडे प्रेशर मोजताना "माझे लेसर झाले आहे" हे आधी सांगावे आणि शस्त्रक्रियेपूर्वीची पारपटलाची जाडी लिहिलेला कागद दाखवावा.

बाटलीवर हलवून वापरण्याची सूचना असेल तर ती नीट हलवावी, कारण औषध तळाशी बसते. हात धुऊन, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलके दाबावा. दोन औषधांत पाच ते दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. एक गोष्ट आपल्या हवेसाठी मुद्दाम सांगतो: थेंबांची बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४० अंशांच्या वर असतो, बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक थेंब २५ ते ३० अंशांखाली ठेवायचे असतात. काही डॉक्टर क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही लिहून देतात. दिल्या असतील तर घ्याव्यात, पण त्यांच्या भरवशावर थेंब चुकवू नयेत.

ऊन

पुष्कळजण विचारतात, की लेसर कोणत्या ऋतूत करावे म्हणजे उन्हाचा त्रास होणार नाही. पीआरकेपुरते उत्तर असे आहे, की हेजचा काळ वर्षभराचा असल्याने शस्त्रक्रिया कोणत्याही महिन्यात केली तरी एक पूर्ण उन्हाळा त्यात येतोच. दिवाळीनंतर केली तर नेमका उशिराच्या हेजचा काळ चैत्र-वैशाखात पडतो. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे; मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत अतिनील किरणांची तीव्रता सर्वाधिक असते, आणि हेच किरण भरून येणाऱ्या पारपटलातील पेशींना पुन्हा चेतवतात.

म्हणून वर्षभर घराबाहेर पडताना ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा गॉगल वापरावा. रस्त्याकडेला मिळणाऱ्या नुसत्या काळ्या काचेवर विसंबू नये. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल तर ते अधिकच आत शिरतात. चष्म्याच्या दुकानात यंत्रावर काच तपासून मिळते, तेवढा आग्रह धरावा. रुंद काठाची टोपी घालावी, सकाळी दहा ते दुपारी चार शक्य तितके सावलीत राहावे. ढगाळ आषाढातही गॉगल सोडू नये, ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात.

धुळीचे थोडक्यात सांगतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात. तिथे काम करणाऱ्यांनी पहिला महिनाभर तरी बंद कडांचा संरक्षक चष्मा लावावा. गड्ड्याच्या यात्रेतली धूळ आणि रंगपंचमीचे रंग पहिल्या महिन्यात टाळावेत. डोळा खाजला तरी चोळू नये. लॅसिकची झडप जोराच्या माराने पुढे अनेक वर्षांनीही सरकू शकते.

त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे असे प्रसंग

दुखणे वाढत जाणे, लाली, चिकट स्राव, उजेड अजिबात न सोसणे, एका दिवसात नजर झपाट्याने कमी होणे किंवा आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही झाले तर रविवारची वाट पाहू नये आणि पुण्या-हैदराबादच्या सर्जनची वेळ मिळण्यासाठीही थांबू नये. जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जाऊन, तिथूनच सर्जनशी फोनवर बोलणे करून द्यावे. हेज इतका घाईने येत नाही आणि दुखतही नाही. जंतुसंसर्ग दोन्ही करतो.

हेज राहिलाच तर

पहिली पायरी म्हणजे थेंब आणि प्रतीक्षा. हेज वर्षभर विरत राहत असल्याने, नजर फार कमी झालेली नसेल तर सर्जन दुसरी शस्त्रक्रिया घाईने करत नाहीत, आणि रुग्णानेही तिचा आग्रह धरू नये. या काळात नवीन चष्म्याचा नंबरही कायमचा मानू नये, कारण हेज विरताना तो बदलतो. वर्षानंतरही दाट थर उरला आणि चष्म्यानेही नीट दिसत नसेल, तर तो थर खरवडून किंवा लेसरने काढून मायटोमायसिन लावण्याचा उपाय आहे. त्याआधी पारपटलाचा नकाशा आणि उरलेली जाडी मोजली जाते. काही केंद्रांतील कॅमेरा पारपटलाच्या धूसरतेचा आकडाही देतो, आणि तो सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा काढलेला असेल तर हेज वाढतो आहे की विरतो आहे हे निःसंदिग्ध कळते.

वर्ष पूर्ण झाल्यावरच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांची हेजची श्रेणी, प्रेशर, उरलेला नंबर आणि पारपटलाची जाडी एका कागदावर लिहून घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वीचे वक्रतेचे व जाडीचे कागद, रविवारच्या नोंदींची वही आणि हा कागद एकाच फायलीत घालून ती घराच्या दस्तऐवजांच्या कपाटात ठेवावी, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवावेत. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्यासाठी डॉक्टर हीच फाइल मागतील.